उसण नव्हे, फुप्फुस!

छातीत एका बाजूला कळ आली की आपण ओव्याची चिमूट तोंडात टाकतो आणि लोकल पकडतो. पण वय पंचविशीचं, अंगकाठी सडसडीत आणि खिशात सिगरेटचं पाकीट असेल, तर जरा थांबा. ती कळ फुप्फुसातून हवा निसटल्याची असू शकते. बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या धावपळीत राहून गेलेल्या एका एक्स-रेची ही गोष्ट.

सोमवारची सकाळ. बदलापूर स्टेशन. त्या दिवशी मला चक्क विंडो सीट मिळाली होती. ज्यांना या लाइनची सवय आहे, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सीट मिळावी म्हणून अंबरनाथची मंडळी उलटी बदलापूरला येऊन बसतात. अशा गर्दीत विंडो म्हणजे लॉटरीच!

अंबरनाथ गेलं. उल्हासनगर यायच्या आधी उजव्या खांद्याखाली पिन टोचावी तशी कळ आली. वजन उचललं नव्हतं, धावलो नव्हतो, नुसता बसलो होतो. श्वास आत घेतला की कळ वाढायची. मग मी आपोआप छोटे-छोटे श्वास घ्यायला लागलो. समोरचा ग्रुपमधला मित्र म्हणाला, “काल रात्री वडापाव किती हाणलेस?” सगळे हसले. कुणीतरी बॅगेतून अ‍ॅसिडिटीची गोळी काढून दिली. आपल्या लोकलच्या ग्रुपमध्ये एक चालतंफिरतं मेडिकल स्टोअर असतंच!

ऑफिस केलं. जिना चढताना धाप लागली, पण प्रेझेंटेशन होतं. घरी आल्यावर आईचं निदान तयार होतं, “उसण भरली असेल. शेक घे आणि पालथा झोपू नकोस.” दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी नॉर्मल. “या वयात हार्टचं काही नसतं, गॅस आहे,” असं म्हणून त्यांनी पेनकिलर दिली. बरं वाटलं. म्हणजे, बरं वाटतंय असं मी ठरवलं.

बुधवारी स्टेशनच्या पुलावर मधेच उभा राहिलो. फोनवर आईशी बोलताना एक अख्खं वाक्य एका दमात पूर्ण होईना. तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं आणि छातीचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. डावीकडे फुप्फुसाची नेहमीची पांढुरकी जाळी होती. उजवीकडे मात्र वरचा भाग कोराकरकरीत काळा आणि खाली मुठीएवढं आक्रसलेलं काहीतरी. “हे तुमचं उजवं फुप्फुस,” ते शांतपणे म्हणाले. “आणि हा काळा भाग म्हणजे हवा. जिथे नसायला हवी, तिथे असलेली.”

आजाराचं नाव न्यूमोथोरॅक्स. साध्या भाषेत, फुप्फुस मिटणं. वय वर्षं २४, उंची सहा फूट, वजन ५६ किलो. कॉलेजात मित्र मला ‘बांबू’ म्हणायचे. हा आजार नेमका बांबू लोकांना शोधत येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आत नेमकं होतं काय?

छातीच्या पिंजऱ्याला आतून एक पातळ अस्तर असतं. फुप्फुसावरही तसंच अस्तर असतं. दोन अस्तरांच्या मधे अगदी थोडा ओलावा असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात, पण ओढून वेगळ्या होत नाहीत ना? तसंच. छाती फुगली की फुप्फुसही तिच्याबरोबर ओढलं जातं आणि हवा आत येते.

फुप्फुस मुळात रबरासारखं आहे. त्याला सतत आक्रसायचं असतं. दोन अस्तरांमधला कमी दाब त्याला ताणून धरतो. आता मधे कुठून तरी हवा शिरली, तर ही पकड सुटते आणि फुप्फुस फुग्यासारखं मिटतं. किती मिटेल, ते हवा किती शिरली त्यावर. कधी कडेला बोटभर, तर कधी अख्खं.

हवा शिरते कुठून? माझ्यासारख्या केसमध्ये फुप्फुसाच्या वरच्या टोकाला बारीक-बारीक फोड असतात, तळताना पुरीवर येतात तसे. त्यातला एखादा फुटतो. बहुतेकदा कसलीही मेहनत न करता, बसल्या-बसल्या! आधीचा काही फुप्फुसाचा आजार नसताना असं झालं, तर त्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. टीबी, दमा किंवा सिगरेटने खराब झालेल्या फुप्फुसात झालं, तर ‘सेकंडरी’. ईसीजीचं म्हणाल, तर तो हृदयाचा आलेख. फुप्फुसाचा बाहेर गळलेला वारा तो कुठून दाखवणार?

मलाच का?

हा प्रश्न मी डॉक्टरांना तीनदा विचारला. उत्तरात तीन गोष्टी होत्या.

एक, उंची आणि अंगकाठी. उंच, किडकिडीत शरीरात फुप्फुसाच्या टोकावर ताण जास्त पडतो. दोन, वय आणि लिंग. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीनुसार प्रायमरी प्रकार वर्षाला दर एक लाख पुरुषांत साधारण ७ ते १८ जणांना होतो आणि बायकांत १ ते ६ जणींना. विशी-तिशीतली पोरं यात सगळ्यात पुढे. म्हणजे आजार दुर्मीळच, पण विरार ते बदलापूर रोज धावणाऱ्या तरुण गर्दीचा विचार केला तर ‘कधीच न दिसणारा’ म्हणावा इतकाही नाही.

तीन... इथे डॉक्टरांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. स्टॉकहोममधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९८७मध्ये प्रसिद्ध झाला. सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये हा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे २२ पट आणि बायकांमध्ये सुमारे ९ पट असल्याचं त्यात आढळलं. ‘दिवसाला फक्त तीन-चार, तीही चहाबरोबर’ हा माझा बचाव फारसा टिकला नाही. गांजाचा खोल झुरका घेऊन श्वास रोखून धरणाऱ्यांनी तर कान टवकारावेत. आणि व्हेप हा काही सेफ पर्याय नाही. ई-सिगरेटवर तर भारतात २०१९पासून बंदीच आहे.

आणखी एक गंमत ऐका. २००४मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात बेल्जियमच्या डॉक्टरांनी चार तरुण रुग्णांची हकिकत छापली. त्यांचं फुप्फुस मिटलं तेव्हा ते मोठ्या आवाजातलं म्युझिक ऐकत होते! चार जणांवरून नियम बनत नाही, हे खरं. पण मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला चिकटून नाचताना छातीत धडधडतं, ते लक्षात असू द्या.

‘केमिकलमुळे झालं असेल!’

मला भेटायला आलेल्या दर दुसऱ्या माणसाचं हे मत होतं. साहजिकच आहे. जून २०२१मध्ये बदलापुरात एका कारखान्यातून वायुगळती झाली, तेव्हा रात्री लोक घराबाहेर पडले होते. सप्टेंबर २०२४मध्ये अंबरनाथवर रासायनिक धुराचं धुकं पसरलं. घसा जळणं, डोळे चुरचुरणं हे इथल्यांना नवीन नाही.

पण असे वायू मुख्यतः श्वासनलिका सुजवतात. त्यातून खोकला, दम आणि दम्याचा अ‍ॅटॅक येतो. धडधाकट तरुणाचं फुप्फुस एका बाजूला मिटण्यामागे सहसा तेच फोड असतात. दमा असणाऱ्यांनी मात्र जास्त जपायला हवं, कारण तीव्र अ‍ॅटॅकमध्ये क्वचित हवा अशी बाहेर निसटू शकते.

आपल्याकडची तीन मोठी कारणं यापेक्षा वेगळी आहेत.

पहिलं, टीबी. भारतात सेकंडरी प्रकारामागे टीबी हे मोठं कारण आहे. टीबीने पोखरलेल्या भागाला भोक पडलं की हवा बाहेर. हे ऐकून माझ्या आईचा चेहरा पांढराफटक झाला. तिने शेजारच्या काकूंना “न्यूमोनियासारखं काहीतरी आहे” असं सांगून टाकलं. टीबी म्हटलं की अजूनही आवाज खाली जातो, लग्नाची बोलणी आठवतात. माझ्या बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली. पण पॉझिटिव्ह आली असती, तरी काय? सरकारी दवाखान्यात टीबीचे उपचार मोफत आहेत आणि नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरं, मार. बरगडी मोडून तिचं टोक फुप्फुसात घुसतं. बाइकचा अपघात आणि लोकलमधून पडणं ही त्याची आपल्या ओळखीची रूपं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. दारात उभं राहण्याची हौस नसते, नाइलाज असतो, हे मलाही माहीत आहे. तरीही सांगतो, पुढची लोकल सोडलेली परवडते. आणि पडल्यावर ‘मुका मार आहे’ म्हणून घरी जाऊ नका. श्वास घेताना दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

तिसरं, सुई. छातीजवळ दिलेलं इंजेक्शन, बायोप्सी, अ‍ॅक्युपंक्चर यातूनही क्वचित फुप्फुसाला भोक पडतं. सप्टेंबर २०२०मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टायरॉड टेलरला मॅचच्या आधी बरगडीच्या दुखण्यावर इंजेक्शन देताना टीमच्या डॉक्टरकडून नेमकं हेच झालं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पाळी सुरू होण्याच्या आसपासच दर वेळी छातीत, बहुतेकदा उजवीकडे, कळ येत असेल आणि दम लागत असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एंडोमेट्रिओसिसमुळे होणारा हा एक वेगळा प्रकार आहे. ‘पाळीत अंग दुखतंच’ म्हणून तो वर्षानुवर्षं निसटतो.

बाटली आणि बुडबुडे

आता उपचार. घाबरू नका, बहुतेक जण छान बरे होतात.

हवा थोडी असेल आणि पेशंट आरामात श्वास घेत असेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. शरीर स्वतःच ती हवा शोषून घेतं. पण वेग गोगलगायीचा. छातीच्या त्या बाजूच्या जागेच्या दिवसाला साधारण दीड ते दोन टक्के! ऑक्सिजन दिला, तर हे काम लवकर होतं. त्यापुढची पायरी म्हणजे सुईने हवा ओढून काढणं.

माझ्या नशिबी बाटली होती. काखेखाली बरगड्यांच्या मधे भूल देऊन नळी घातली. नळीचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. श्वास सोडला, खोकलो की बाटलीत बुडबुडे. हवा बाहेर जाते, पण पाण्यामुळे परत आत येत नाही. इतकी साधी आयडिया! बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवायची, हा एकच नियम. बाथरूमला जाताना मी ती पाण्याच्या कॅनसारखी हातात धरून निघायचो. वॉर्डातले आजोबा विचारायचे, “काय रे, किती लिटर?” चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. पाचव्या दिवशी एक्स-रेत फुप्फुस पुन्हा जागेवर. नळी निघाली.

आता तर विचार आणखी बदललाय. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. प्रायमरी प्रकारात फुप्फुस बऱ्यापैकी मिटलेलं असूनही ज्यांना नळी न घालता फक्त देखरेखीखाली ठेवलं, त्यांच्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना पुढेही नळी लागली नाही. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचा. ‘आपोआप बरं होतं म्हणे’ असं वाचून घरी झोपून राहणं वेगळं आणि डॉक्टरांनी तपासून घरी पाठवणं वेगळं!

कारण या आजाराचा एक जीवघेणा चेहराही आहे. कधीकधी भोक एकतर्फी झडपेसारखं वागतं. हवा आत शिरते, बाहेर पडत नाही. दाब वाढत जातो, श्वासनलिका आणि हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, रक्तदाब कोसळतो. याला ‘टेन्शन न्यूमोथोरॅक्स’ म्हणतात आणि इथे हिशोब मिनिटांचा असतो. डॉक्टर एक्स-रेचीही वाट न पाहता छातीत सुई घालून हवा सोडतात. १९९९च्या ‘थ्री किंग्ज’ या हॉलिवूडपटात हा प्रसंग दाखवलाय. पाहून थक्क व्हा, पण करायला जाऊ नका. आपलं काम ॲम्ब्युलन्स बोलावण्याचं.

परत आलं तर?

माझं आलं. सात महिन्यांनी, त्याच बाजूला. यावेळी मात्र गोळी नाही, शेक नाही, सरळ रिक्षा आणि एक्स-रे.

पहिल्यांदा झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला हा आजार पुन्हा गाठतो आणि तेही बहुतेकदा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना सी. जे. मॅकॉलम आठवत असेल. या एनबीए स्टारचं फुप्फुस २०२१च्या अखेरीस मिटलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा तो कोर्टवर परतला.

पुन्हा झालं किंवा हवेची गळती थांबतच नसेल, तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात. फोडांचा भाग स्टेपल करून काढतात आणि फुप्फुस छातीच्या अस्तराला मुद्दाम चिकटवतात. खरचटवून किंवा टाल्कची पावडर वापरून. गोंदाने पोस्टर चिकटवावं तसं. यानंतर पुन्हा होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. माझी शस्त्रक्रिया मुंबईत झाली.

आपल्या पट्ट्यात पहिला एक्स-रे काढणं अवघड नाही. उल्हासनगर कॅम्प ३मधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सायन, केईएम, जे. जे. अशा छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे जावं लागू शकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट होतानाच विचारा. मेडिक्लेम असेल, तर एचआरला फोन लावायचं काम घरच्यांवर सोपवा. तुम्ही फक्त श्वास घ्या!

एकेकाळी मुद्दाम मिटवायचे!

वाचून विश्वास बसणार नाही, पण एक काळ असा होता की डॉक्टर मुद्दाम फुप्फुस मिटवायचे. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२मध्ये कल्पना मांडली की टीबीचं फुप्फुस मिटवून त्याला ‘विश्रांती’ दिली, तर जखम भरेल. मग पुढची कित्येक दशकं जगभरच्या सॅनेटोरियममध्ये सुईने छातीत हवा भरली जायची, तीही पुन्हा-पुन्हा. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, त्यामागून इतर औषधं आली आणि हा उपचार मागे पडला. हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तुला फुकटात झालं!” दोन आठवड्यांनी ती पहिल्यांदा हसली होती.

डिस्चार्जनंतर काय?

विमान : एक्स-रेत फुप्फुस पूर्ण उघडल्यावर किमान सात दिवस तरी नाही. वर गेलं की आतली हवा फुगते. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ऑनसाइटचं तिकीट काढू नका.

स्कूबा : तारकर्लीचा प्लॅन कॅन्सल. हा आजार होऊन गेलेल्यांना डायव्हिंग कायमचं बंद करायला सांगतात. अपवाद दोन्ही बाजूंची पक्की शस्त्रक्रिया झालेल्यांचा, तोही तज्ज्ञांनी तपासून. मी किनाऱ्यावर बसून सोलकढी पितो, तेही वाईट नाही.

जिम आणि ट्रेक : डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की हळूहळू सुरू. मलंगगड पळून जात नाही.

सिगरेट : शून्य. ‘कमी केलीय’ हे उत्तर चालत नाही.

चौकट : कधी धावायचं?

* छातीत एका बाजूला अचानक कळ, श्वास घेताना वाढणारी. कधी खांद्यात किंवा पाठीत जाणारी.
* त्याबरोबर धाप, कोरडा खोकला. एका दमात वाक्य पूर्ण न होणं.
* अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि स्वतःहून विचारा, “छातीचा एक्स-रे काढायचा का?”
* ओठ-नखं निळसर, थंड घाम, चक्कर, धाप वाढतच चाललेली... १०८ला फोन. लोकलने जायचं नाही, बाइकवर बसायचं नाही.
* छातीत दुखण्याची हृदयविकारासारखी दुसरीही कारणं असतात. घरी निदान करत बसू नका.

दोन वर्षं झाली आता. उजव्या काखेखाली रुपयाएवढे तीन व्रण आहेत. परवा ग्रुपमधला एक नवीन पोरगा दारातून आत सरकत म्हणाला, “छातीत चमक निघतेय रे, गॅस झालाय बहुतेक.” अंगाने किडकिडीत, बोटांना सिगरेटचा वास. कुणीतरी सवयीने अ‍ॅसिडिटीची गोळी काढली. मी त्याला माझी विंडो सीट दिली आणि म्हणालो, “कल्याणला उतरू. मी येतो बरोबर.” ऑफिसला दोघांचाही लेट मार्क लागला.

त्याचा एक्स-रे नॉर्मल आला. उसणच भरली होती. दोनशे-तीनशे रुपयांत इतकी छान बातमी दुसरीकडे कुठे मिळते, सांगा!